इंडी गेम म्हणजे नक्की कोणापासून स्वतंत्र?

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये स्क्रीनवर जी कोंबडी तुरुतुरु चालते ना, ती दोन सेकंद दिसते आणि आपण पुढे जातो. पण ती कोणीतरी पिक्सल पिक्सल करून काढलीय, पाय कसा उचलेल ते काढलंय, कुंपण आलं की वळायचं कसं ते कोडमध्ये लिहिलंय, आणि मागे वाजतंय ते म्युझिकपण त्याच माणसाचं. तो माणूस एरिक बॅरोन. जवळपास साडेचार वर्षं एकटा, जोडीला थिएटरमध्ये लोकांना सीट दाखवायची पार्टटाइम नोकरी. काढलेली चित्रं नाही आवडली की परत काढायची, असं कितीदा तरी. २०१६ च्या फेब्रुवारीत गेम आला. मोठ्या कंपनीशिवाय, एकट्याने किंवा छोट्या टीमने बनवलेल्या अशा गेमला इंडी म्हणतात, म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र.

हे ऐकलं की सगळे म्हणतात वा, डोक्यावर बॉस नाही, मजा आहे. बरं, बॉस नाही. पण इंजिन?

गेम इंजिन म्हणजे ज्याच्यावर अख्खा गेम उभा असतो ते सॉफ्टवेअर, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या इंजिनच्या कंपनीने जाहीर केलं की ठराविक कमाई आणि डाउनलोडच्या पुढे गेलात की प्रत्येक इन्स्टॉलमागे फी लागणार. आता ज्याने तीन वर्षं घालून अर्धा गेम बनवलाय त्याने काय करायचं, इंजिन बदलायचं म्हणजे घराचा पायाच बदलायचा. एवढा गदारोळ झाला की आधी नियम मवाळ केले आणि वर्षभराने ती फी गेमवाल्यांसाठी रद्दच केली. तोवर बरेच जण गोडो नावाच्या फुकट, ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) इंजिनकडे वळले होते.

मग स्टोअर. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम टाकायचे १०० डॉलर, आणि विक्रीतले साधारण ३० टक्के त्यांचे. घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे परत. ग्राहक म्हणून मला हा नियम आवडतो, खरं सांगतो. पण तुमचा गेमच दीड तासाचा असेल तर? माणूस शेवटपर्यंत खेळतो, खूश होतो आणि रिफंड घेतो.

आणि एवढं करून कोणी बघेलच असं नाही. अमंग अस नावाचा गेम २०१८ मध्ये आला, छोटीशी टीम, दोन वर्षं फार कोणी विचारलं नाही. २०२० मध्ये स्ट्रीमर लोकांनी, म्हणजे गेम खेळताना ऑनलाइन लाइव्ह दाखवणाऱ्यांनी, उचलला आणि जगभर पोचला. गेम मूळचा तोच हो, दिवस फिरले.

मग उरतं काय स्वतंत्र? पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी, नसणं म्हणाल तर स्टारड्यूलासुद्धा सुरुवातीला पब्लिशर होता, चकलफिश. मला वाटतं उरतो एकच हक्क, गेम पूर्ण झाला की नाही हे ठरवायचा. ऐकायला भारी, पण रात्री दोन वाजता तो हक्क अंगावर येतो, कारण 'बास आता, रिलीज कर' म्हणायलाही कोणी नसतं. काही गेम ह्याच्यातच अडकून राहतात, कायमचे.

स्टारड्यूचा १.६ अपडेट मार्च २०२४ मध्ये आला. आठ वर्षांनी, फुकट. बॅरोन त्या शेतात अजून काहीतरी पेरतोच आहे.