बैलांच्या मापाची धर्मशाळा

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात, वडाच्या पारापाशी ही जुनी धर्मशाळा उभी आहे. कानडी शेजारी तिला छत्र म्हणतात. रेल्वे येण्यापूर्वी वेंगुर्ले हेच बेळगावचे बंदर होते. तेथून मीठ, नारळ आणि सुकी मासळी घाट चढून येई व देशावरचे धान्य आणि गूळ खाली उतरे. भरलेली बैलगाडी दिवसाला पाच-सहा कोसांपलीकडे जात नसे, म्हणून शंभराहून अधिक किलोमीटरच्या या वाटेवर गाडीवानाला जवळजवळ आठवडा काढावा लागे आणि त्याच हिशेबाने मुक्कामाची ठिकाणे ठरत.

इमारतीचा आराखडाही माणसापेक्षा बैलांना धरून केलेला दिसतो. आधी गाड्या सोडण्यापुरते प्रशस्त अंगण, कडेला आड व दगडी डोणी, आणि मग कुठे माणसांसाठी सोपा. सोप्याला समोरून भिंत नाही, नुसत्या लाकडी खांबांवर तुळया टेकल्या आहेत; कारण पडल्या जागेवरून गाडीवानाला आपले बैल आणि माल दिसत राहणे आवश्यक होते. उरलेल्या तिन्ही भिंती जांभ्याच्या आहेत. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, त्याचे चिरे सहज पाडता येतात आणि उघड्या हवेत तो टणक होत जातो. छप्पर इतके पुढे काढले आहे की पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. सह्याद्रीच्या पावसाशी याहून शहाणपणाचा करार नसेल. वरची मंगलोरी कौले बहुधा नंतरची असावीत, कारण मंगळुरात त्यांचा कारखानाच १८६५ साली निघाला. त्याआधी इकडे नळीची कौले असत.

धर्मशाळा सर्वांसाठी असे, ही समजूत मात्र तपासून घ्यावी लागते. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आणि सरकारी पैशातून बांधलेल्या विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव सी. के. बोले यांना १९२३ मध्ये त्या इलाख्याच्या कायदेमंडळात मांडावा लागला. ठरावानंतरही आडावरची वहिवाट लगेच बदलली नाही.

१८८०च्या दशकाअखेरीस मार्मागोवा बंदर लोहमार्गाने जोडले गेले आणि वेंगुर्ल्याच्या गाड्या ओसरल्या. आज सोप्यात मंडळाचे मांडवाचे बांबू ठेवलेले आहेत. आतल्या कोपऱ्यात, जेथे तीन दगडांच्या चुली पेटत, तेथील भिंतीला कितीही चुना दिला तरी काजळी पुन्हा वर येते.