गावाला जायचे म्हणजे कोठे?

नमस्कार, श्रोतेहो.

पुण्यात रिक्षात बसून "कमिन्स कॉलेज" एवढे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही, रिक्षा आपोआप कर्वेनगरच्या दिशेने वळते. गेल्या आठवड्यात मीही तेवढेच म्हटले, आणि माझ्या मराठीची थोडी वेगळी चाल ओळखून रिक्षावाल्या काकांनी विचारले, "ताई, तुमचं गाव कोणतं?" मी म्हणाले, "हे कमिन्स ज्या गावचे, ते माझं गाव." त्यांना ती थट्टा वाटली. उतरेपर्यंत ते हसत होते, आणि खरी गोष्ट सांगायला तेवढ्या रस्त्यात वेळ नव्हता. ती आज आपल्याला सांगते.

माझे गाव कोलंबस. मात्र ओहायो राज्याची राजधानी असलेले प्रसिद्ध कोलंबस ते हे नव्हे; माझ्या नावाची निदान दोन पार्सले आजवर तिकडे फिरून आली आहेत. माझे कोलंबस शेजारच्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर आहे. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास आहे आणि गावाची वेस ओलांडली की नजर पोहोचेल तेथवर मका आणि सोयाबीन. अमेरिकेच्या ज्या भागाला मिडवेस्ट म्हणतात, तो पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या लोकांनी बहुधा विमानाच्या खिडकीतूनच पाहिलेला असतो. आमची आजी पहिल्यांदा तेथे आली, तेव्हा तासभर गाडीतून मका पाहून झाल्यावर तिने विचारले होते, "अगं, एवढा मका खातं तरी कोण?" बराचसा जनावरांच्या पोटात आणि इथेनॉलच्या कारखान्यांत जातो, हे ऐकून तिला तो मक्याचा अपमान वाटला.

आई-बाबांबरोबर मी तेथे २००३ साली गेले, तेव्हा चार वर्षांची होते. बाबा कमिन्सच्या कोथरूडच्या कारखान्यातून बदली होऊन आले होते. आमच्या घरात "गावाला जायचं" याचा अर्थ एकच होता, पुण्याला जायचे. आणि दर दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही जातही असू. आता बाबा निवृत्त झाले आहेत, आई-बाबा पुन्हा कोथरूडला राहायला आले आहेत आणि मी कोलंबसमध्ये एकटी आहे. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मी या वेळी आले, तेव्हा आपण गावाला निघालो आहोत की गाव सोडून, हे विमानात बसल्यावरही मला नीटसे ठरवता आले नाही.

रिक्षातल्या त्या नावाकडे वळते. क्लेसी कमिन्स हा आमच्या गावातल्या अर्विन नावाच्या सावकारी घराण्याचा मोटारचालक. शिक्षण आठवीपर्यंतचे, पण यंत्राच्या बाबतीत हात असा, की मालक डब्ल्यू. जी. अर्विन यांनी त्याच्यावर पैसे लावले आणि १९१९ साली त्याच्या नावाने डिझेल इंजिनांची कंपनी उभी राहिली. मालकाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या कंपनीला चालकाचे नाव, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. या कंपनीला पहिला नफा झाला १९३७ साली, म्हणजे अठरा वर्षांनी. मधल्या काळात पैसे संपत आले, तेव्हा १९२९ च्या नाताळच्या दिवशी क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपले डिझेल इंजिन बसवून ती अर्विन यांच्या दारात नेली आणि त्यांना फेरफटका मारून आणला. पैसे पुन्हा मिळाले. १९३१ साली इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत त्याच्या डिझेल गाडीने एकदाही न थांबता ते अंतर कापले. पुढे १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या साथीने ही इंजिने पुण्यात तयार होऊ लागली, १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्रीशिक्षण संस्थेचे मुलींसाठीचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, आणि आठवीपर्यंत शिकलेल्या त्या चालकाचे नाव आज कर्वेनगरच्या रस्त्यावर पदवीला शिकणाऱ्या मुलींच्या तोंडी असते.

तथापि, मला माझ्या गावाचा खरा अभिमान इंजिनांमुळे नाही, शाळांमुळे आहे.

अर्विन यांच्या बहिणीचे नातू, जे. अर्विन मिलर, पुढे कंपनीचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर गावात मुलांची संख्या एकदम वाढली, शाळा कमी पडू लागल्या आणि घाईघाईने, स्वस्तात वर्ग उभारले जाऊ लागले. तेव्हा मिलर यांनी शाळा मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला: देशातल्या उत्तम वास्तुरचनाकारांची एक यादी आम्ही देऊ, त्यातून निवड तुम्ही करा, त्यांचे मानधन कंपनीचे प्रतिष्ठान देईल, आणि आराखड्यात आम्ही अजिबात लक्ष घालणार नाही. या पद्धतीने बांधलेली पहिली शाळा १९५७ मध्ये उघडली. नंतर हाच नियम इतर सार्वजनिक इमारतींनाही लागू झाला आणि मक्याच्या शेतांमधल्या या गावात जगातले नामवंत वास्तुरचनाकार एकामागून एक येऊन कामे करून गेले. यात मिलर यांचा निव्वळ परोपकार नव्हता, व्यवहारही होता. चांगले अभियंते लहान गावात येऊन टिकायचे असतील, तर गाव राहण्यासारखे असले पाहिजे, हे त्यांना ठाऊक होते. माझ्या बाबांच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकला असावा, कारण गावात आल्यावर त्यांनी कोणतीही इमारत पाहिली नाही. तुरीची डाळ कोठे मिळते, एवढीच चौकशी केली.

मी ज्या शाळेत शिकले तिचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे आहे. त्या दात्यांमधल्या काचांतून वर्गात उजेड येतो. ती एडवर्ड लॅराबी बार्न्स यांनी १९६५ मध्ये बांधली, हे मला महाविद्यालयात गेल्यावर कळले. तोवर सगळ्याच शाळांत उजेड असाच वरून येतो, अशी माझी समजूत होती. आमचे वाचनालय आय. एम. पेई यांचे आहे, १९६९ सालचे. त्याच्या अंगणात हेन्री मूर यांनी घडवलेली ब्राँझची प्रचंड कमान उभी आहे. आम्ही मुले तिच्याखालून पळापळी खेळत असू आणि आम्हाला कोणी हटकत नसे. अग्निशमन दलाच्या चौथ्या केंद्राचा आराखडा रॉबर्ट व्हेंचुरी यांचा आहे. त्याच्या मधोमध पाण्याचे पाइप वाळत घालण्याचा मनोरा आहे आणि त्यावर ४ हा आकडा एवढा मोठा रंगवलेला आहे, की आकडे शिकणारे मूलसुद्धा गाडीतून तो वाचते. आमच्या घरी "चारपाशी वळा" असेच म्हणत.

जून २००८ मध्ये गावात महापूर आला. एरवी ओढ्यासारखा वाटणारा हॉ क्रीक अचानक इतका फुगला, की रुग्णालयातले रुग्ण हलवावे लागले. आमच्या तळघरात कमरेइतके पाणी होते. पुण्याहून आजीचा फोन आला, तेव्हा तिने आधी आमची चौकशी केली आणि नंतर, मी विचारले नसतानाही, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले त्या दिवसाची सगळी हकिगत सांगितली: नदीकाठची घरे, ओंकारेश्वर, चिखलाने भरलेले वाडे, आणि नंतर घरोघर चिखल उपसणारी माणसे. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. नऊ वर्षांच्या मला त्या फोनमुळे वाटले, की आपल्यावर काही अजब आलेले नाही. पाणी येते, उतरते, आणि मग फावडी घेऊन चिखल काढायचा असतो. आमच्या गल्लीत तेच चालले होते.

आता थोडी माझी खुशाली. पर्ड्यू विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी शिकागोला गेले आणि तीन वर्षे गाड्यांचे बहुमजली वाहनतळ आखत राहिले. काम वाईट नव्हते, पण स्वतः आखलेल्या इमारतीकडे पुन्हा पाहावेसे वाटू नये, हे फार दिवस सहन होईना. गेल्या वर्षी मी कोलंबसला परतले. सहा जणांच्या एका लहान कार्यालयात मी आता जुन्या इमारतींची तपासणी करते. परांचीवर चढून विटांवर टिचकी मारायची, भद्द आवाज आला की खूण करायची, दरजांमधला चुना-सिमेंट किती भुगा झाला आहे ते पाहायचे, असे हे काम आहे. आमच्याकडच्या हिवाळ्यात भेगांत शिरलेले पाणी गोठते आणि गोठताना ते सुमारे नऊ टक्के फुगते. दिवसा वितळते, रात्री पुन्हा गोठते, आणि दरवर्षी वीट आतून थोडी थोडी फुटत जाते. नामवंतांच्या इमारतींना ही थंडी वेगळी वागवीत नाही. सपाट छपरांचा तर मला मनापासून राग येतो. छायाचित्रात ती देखणी दिसतात आणि खाली कोणीतरी बादली ठेवून बसलेले असते.

एलिएल सारिनेन यांनी बांधलेल्या १९४२ च्या चर्चचा १६६ फूट उंच विटांचा मनोरा असाच खिळखिळा झाला होता; तो वाचवण्यासाठी गावाला पैसे उभे करावे लागले. त्यांचे पुत्र एरो सारिनेन यांनी आखलेले, १९६४ मध्ये पूर्ण झालेले षट्कोनी चर्च तर २०२२ मध्ये भाविक उरले नाहीत म्हणून बंद झाले. त्याच्या छतातून वर निघालेली १९२ फुटांची निमुळती सुई आजही दुरून दिसते. ते चर्च पूर्ण झालेले पाहायला एरो स्वतः उरले नव्हते. १९६१ मध्येच ते गेले. पाहुणे छायाचित्रे काढून जातात. परांच्या बांधायला, गळती शोधायला आणि खर्चाच्या सभेत रात्री दहापर्यंत भांडायला गावकरीच लागतात, आणि त्या सभेत मागच्या रांगेत आता मीही असते.

दुसरी बातमी म्हणजे मी घर घेतले आहे. बँकेचे कर्ज काढून घेतलेले, १९५० च्या दशकातले, दोन खोल्यांचे, तळघराचे घर. बाबांनी फोनवर व्याजाचा दर विचारला, आईने "एकटीने?" एवढेच विचारले. २००८ चा पूर आठवत असल्याने मी दिवाणखान्याच्या फर्निचरआधी तळघरात पाणी उपसणारा पंप बसवून घेतला. शेजारच्या सत्तरीच्या बाई पहिल्याच आठवड्यात दाराशी झुकिनीची पिशवी ठेवून गेल्या. ऑगस्टमध्ये मिडवेस्टमध्ये प्रत्येकाच्या परसात झुकिनी इतकी येते, की लोक ती एकमेकांच्या दाराशी ठेवून पळ काढतात. मी त्यांची आजीच्या पद्धतीने, हरभऱ्याची डाळ घालून, दुधीसारखी भाजी केली आणि डबा भरून परत पाठवला. आता त्यांच्याकडून झुकिनी येते ती डब्यासकटच.

आजीला मी या सगळ्याची छायाचित्रे दाखवली. चर्चची सुई आणि पेईंचे वाचनालय तिने पटापट पुढे ढकलले. पंपाच्या छायाचित्रावर ती थांबली, वीज गेली तर तो कशावर चालतो हे तिने विचारले, आणि बॅटरीवर चालतो हे ऐकून मान डोलावली. मग गोडा मसाल्याची पुडी दोन पिशव्यांत बांधत ती म्हणाली, "गावाला कधी निघायचं आहे तुला?"

मी गुरुवारी रात्री निघते. घराची किल्ली शेजारच्या बाईंकडे आहे आणि हवामान खात्याने आमच्याकडे शनिवारी पाऊस सांगितला आहे.

नमस्कार.