नको नको म्हणत केलेलं गाणं

नमस्कार मंडळी. आजचा विषय रॅप. थांबा, लगेच स्टेशन बदलू नका, रॅप म्हणलं की ज्यांच्या कपाळावर आठी येते त्यांनीच आज जरा बसून ऐका, पोळ्या लाटता लाटता ऐकलंत तरी चालेल.

कसंय ना, रॅप ऐकणाऱ्या पोरांमध्ये एक जुनं भांडण आहे. एक पार्टी म्हणते खरं रॅप म्हणजे कॉन्शस रॅप, म्हणजे ज्यात गरिबी, पोलीस, वर्णभेद, वस्तीतलं जगणं असं काहीतरी असतं, आणि बाकी जे चार्टवर, म्हणजे सगळ्यात खपणाऱ्या गाण्यांच्या यादीत असतं, गाड्या, साखळ्या, बाटल्या, पोरी, तो सगळा बाजार. दुसरी पार्टी म्हणते अरे बाबा दिवसभर राबून आलोय, आता मला नाचू दे, तुझं प्रवचन उद्या. आणि हे भांडण इतक्या ठामपणे चालतं की वाटावं दोन वेगळे धर्मच आहेत. मला विचाराल तर ही भिंत नंतर कोणीतरी बांधलीय, सुरुवातीला ती नव्हतीच. पुन्हा सांगते, सुरुवातीला ती नव्हती. आणि हे पटवायला माझ्याकडे एक किस्सा आहे, नेहमीच्या श्रोत्यांनी तो माझ्याकडून आधी ऐकला असेल, पण मला तो सांगायला इतका आवडतो की आज परत ऐकून घ्यावा लागेल.

आधी थोडी जागा दाखवते. न्यूयॉर्कचा ब्राँक्स. साठ-सत्तरच्या दशकात या भागाची पार वाट लागली, मधून हायवे काढला, घरं पाडली, मग घरमालकांनी लक्ष काढून घेतलं, इमारती जळायला लागल्या, एकेक गल्ली ओस पडली. अशा ठिकाणी 11 ऑगस्ट 1973 ला सेजविक अव्हेन्यूवर, 1520 नंबरच्या बिल्डिंगमधल्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. कशासाठी? शाळा सुरू होणार होती आणि तिला नवीन कपडे घ्यायचे होते. एन्ट्री मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट. गाणी वाजवायला तिचा भाऊ, त्यालाच पुढे जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखायला लागलं. हिपहॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आलं त्या सगळ्या प्रकाराचा, वाढदिवस म्हणून लोक हीच तारीख धरतात. म्हणजे बघा, पार्टी पहिल्या दिवसापासून होती आणि तिकीटही पहिल्या दिवसापासून होतं, तेव्हा पैसा आला आणि कला बिघडली हे रडगाणं मला सांगू नका.

आता किस्सा. नाव लक्षात ठेवा, सिल्व्हिया रॉबिन्सन. न्यू जर्सीची बाई, स्वतः गायिका, 1950 च्या दशकात हिट दिलेली, आणि 1979 मध्ये नवऱ्याबरोबर शुगर हिल नावाचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, चालवत होती. न्यूयॉर्कच्याच हार्लेम भागातल्या एका क्लबात तिने एकाला गाण्यावर तालात बोलताना ऐकलं, लोक बेभान झालेले, आणि हिच्या डोक्यात आलं की हे रेकॉर्डवर आलं पाहिजे. तोवर रॅप ही पार्टीत जाऊन अनुभवायची गोष्ट होती, रेकॉर्ड कोण विकत घेणार असं रॅप करणाऱ्यांनाच वाटायचं. मग शोधाशोध. मुलाच्या ओळखीतून एक पोरगा सापडला, बिग बँक हँक, पिझ्झाच्या दुकानात काम करायचा. त्याची ऑडिशन झाली कुठे? दुकानाबाहेर गाडीत! अजून दोन पोरं मिळाली, झाला शुगरहिल गँग, आणि रॅपर्स डिलाइट बाजारात आलं, मूळ रेकॉर्ड चौदा मिनिटांच्या वरची, आणि अमेरिकेच्या मेन चार्टवर 36 व्या नंबरापर्यंत गेली. गंमत म्हणजे हँकने म्हणलेल्या ओळी त्याच्या नव्हत्याच. ग्रँडमास्टर कॅझ म्हणून ब्राँक्सचा एक तयारीचा रॅपर होता, त्याच्या वहीतल्या होत्या, आणि हँकने त्या इतक्या जशाच्या तशा उचलल्या की कॅझने स्वतःचं टोपणनाव स्पेलिंगसकट गुंफलं होतं तेही तसंच राहिलं. म्हणजे पहिलं मोठं रॅप हिट, त्यातला माणूस दुसऱ्याच्या नावाने स्वतःची ओळख करून देतोय.

इथे मला एक बोलू द्या. आपल्याकडे विविध भारतीवर गाणं लागायच्या आधी गायक, गीतकार, संगीतकार, सिनेमा, सगळं सांगायची पद्धत आहे, आणि त्या पद्धतीने आपल्या दोन-तीन पिढ्यांना गीतकारांची नावं पाठ करून दिली. आता फोनवर गाणं लागतं, खाली गायकाचं नाव दिसतं, लिहिलं कोणी हे शोधायला चार वेळा बोट फिरवावं लागतं आणि कोणी फिरवत नाही. नवीन निवेदकांनाही माझं सांगणं आहे, गाण्याच्या सुरुवातीच्या म्युझिकवर बडबड करण्यापेक्षा तेवढ्या वेळात गीतकाराचं नाव घ्या. असो.

तर 1982. शुगर हिलमध्ये एक वाद्य वाजवणारा होता, एड फ्लेचर, लोक त्याला ड्यूक बूटी म्हणायचे. तालवाद्यं वाजवायचा, कॉलेज शिकलेला, राहायला एलिझाबेथ नावाच्या न्यू जर्सीतल्याच गावात. आईच्या घरी तळघरात बसून त्याने एक गाणं लिहायला घेतलं. पार्टीचं अजिबात नाही. शहरात जगताना माणूस कसा काठावर येतो, फुटलेल्या काचा, जिन्यातली घाण, उंदीर, झुरळं, हप्त्याची गाडी उचलून नेणारा माणूस, हे सगळं त्यात. आणि चाल धीमी, नाचायला उठावं असा वेगच नाही, खाली एक सिंथेसायझर जरा सरकत सरकत वाजतोय.

हे सिल्व्हियाबाईंनी ऐकलं आणि म्हणल्या, हे करायचं. आता तुम्ही म्हणाल, वा, बाईंना समाजाची कळकळ होती. असेलही, मला त्यांच्या मनातलं काय माहीत. पण बाई धंद्यातल्या होत्या, वेगळं काहीतरी चालेल हे त्यांना वास येऊन कळायचं. त्यांनी ते गाणं दिलं लेबलवरच्या सगळ्यात तगड्या ग्रुपला, ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह. ही अस्सल ब्राँक्सची पोरं. फ्लॅश डीजे, दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवायच्या यंत्रांवर, हाताची अशी जादू की आजचे डीजेसुद्धा त्याचं नाव घेताना कान पकडतात, आणि पुढे पाच रॅप करणारे, मेली मेल त्यातला सगळ्यात दमदार.

आणि मंडळी, ती पोरं नाही म्हणाली! ज्या वस्तीबद्दल गाणं होतं त्याच वस्तीतली पोरं, त्यांनीच नाक मुरडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, लोक आमच्याकडे येतात ते त्रास विसरायला, आम्ही हात वर करा म्हणतो आणि लोक हात वर करतात, तिथे हे रडगाणं कोण ऐकणार, झुरळं काय त्यांच्या घरात नाहीत का? मला ही बाजू अगदी पटते. ब्राँक्समधल्या गरिबाला गरिबी काय असते हे सांगायला रेकॉर्ड नको होती. ती बातमी होती बाहेरच्यांना, ज्यांनी तो भाग फक्त ट्रेनच्या खिडकीतून बघितला होता.

बाई काही ऐकेनात. शेवटी एकटा मेली मेल तयार झाला. म्हणजे रेकॉर्डवर नाव अख्ख्या ग्रुपचं, पण रॅप करतायत दोघंच, मेली मेल आणि तो गाणं लिहिणारा ड्यूक बूटी, जो ग्रुपमध्ये नव्हताच. आणि ज्याचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलं, तो फ्लॅश, त्याने या गाण्यात एकही रेकॉर्ड फिरवलेली नाही. व्हिडिओ काढला तेव्हा ड्यूक बूटीच्या आवाजावर ग्रुपमधल्या राहीमने ओठ हलवले. पुन्हा सांगते कारण ऐकताना निसटतं, लिहिलं एकाने, नाव दुसऱ्याचं, ओठ तिसऱ्याचे.

गाण्याचं नाव द मेसेज. सात मिनिटांचं. कृष्णवर्णीय संगीताच्या चार्टवर चौथ्या नंबरला गेलं आणि मेन चार्टवर 62. नंतर 2002 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने देशाचा ठेवा म्हणून जपायच्या रेकॉर्डिंगची पहिली पन्नासाची यादी काढली, त्यात हे होतं, आणि 2007 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला हिपहॉप ग्रुप कोण, तर हीच नाही म्हणालेली पोरं.

पण किस्सा इथे संपत नाही, माझा सगळ्यात आवडता भाग आता येतोय. गाण्यातलं शेवटचं कडवं, सगळ्यात अंगावर येणारं, एक पोर जन्माला येतं, वस्तीत वाढतं, गुंडांना बघून त्यांच्यासारखं व्हायला जातं, तुरुंगात जातं आणि तिथे त्याचं जे होतं ते होतं. हे कडवं मेली मेलचं. आणि ते नवीन नव्हतंच! 1979 मध्ये याच ग्रुपने दुसऱ्या एका लेबलसाठी सुपररॅपिन नावाची रेकॉर्ड केली होती, पक्की पार्टीची, आम्ही किती भारी, पोरी आमच्यावर कशा मरतात, हात वर करा वगैरे, आणि त्या गोंधळात मधेच हे कडवं म्हणलेलं आहे. तीन वर्षं ते तिथे पडून होतं. लोक त्याच्यावर नाचले. तेच शब्द 1982 मध्ये धीम्या चालीवर, आजूबाजूची मस्ती काढून ठेवले आणि सगळे दचकले.

म्हणून म्हणते भिंत नव्हती. पार्टीच्या रेकॉर्डमध्ये कॉन्शस कडवं होतं, आणि कॉन्शस रेकॉर्ड एका धंदेवाल्या बाईने हट्टाने विकायला काढली. आणि विकली गेली म्हणल्यावर पुढे काय झालं असेल? त्याच लेबलने त्याच वर्षी मेसेजचा दुसरा भाग काढला! समाजाचं दुःख हाही फॉर्म्युला झाला.

मग भिंत आली कुठून? हे मी भराभर सांगते कारण वेळ सगळा किश्शाने खाल्लाय. दोन तारखा. पहिली 1991. तोवर बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाचे चार्ट दुकानदारांना विचारून बनायचे, काय खपतंय हो, आणि दुकानदार आपल्या आवडीचं सांगायचा. 1991 मध्ये काउंटरवरच्या बारकोडवरून खपाचे खरे आकडे यायला लागले आणि कळलं की रॅप समजत होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त विकलं जातंय, महिन्याभरातच एनडब्ल्यूए या रॅप ग्रुपचा अल्बम एक नंबरला. कंपन्यांचे डोळे उघडले आणि नेमकं काय खपतं ते मोजून मापून तेवढंच बनवायला लागले. दुसरी 1996. अमेरिकेत कायदा बदलला, एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं ठेवायची यावरची मर्यादा काढून टाकली, आणि काही वर्षांत एकाच कंपनीकडे बाराशेच्या आसपास स्टेशनं. गाव वेगळं, निवेदक वेगळा, गाणी तीच. मी स्वतः रेडिओवाली आहे म्हणून हे मला जास्त लागतं, पण रॅप करणाऱ्यांना दोष देण्याआधी प्लेलिस्ट कोण बनवतंय ते बघा. तीच वीस गाणी दिवसभर फिरवली तर लोकांना तीच आवडणार. लोकांना तेच आवडतं म्हणून आम्ही लावतो हे उलटं आहे.

यावरून आठवलं, आपल्याकडे गडावर ब्लूटूथ स्पीकर घेऊन येणारे, त्यांचीही प्लेलिस्ट तीच वीस गाण्यांची असते, राजगडावर जा नाहीतर हरिश्चंद्रगडावर. चढताना दम लागलाय, दरीतून वारा येतोय, आणि यांचा बेस सुरू. यांच्यावर दंड लावा असं माझं प्रामाणिक मत आहे, कॉन्शस रॅप लावलं तरी दंड.

हां, तर भिंत. जे-झी माहिती असेल, चार्टवाल्यांचा राजा. 2003 च्या त्याच्या अल्बममध्ये तो चक्क कबूल करतो की जास्त लोकांना कळावं आणि जास्त पैसे यावेत म्हणून मी लिहिणं सोपं केलं, नुसत्या कसबाला भाव असता तर मी तालिब क्वेलीसारखा लिहीत असतो. तालिब क्वेली म्हणजे कॉन्शसवाल्यांचा लाडका. आता हे ऐकून कॉन्शसवाले म्हणाले, बघा, कबूल केलं! पण अहो, हेही त्याने चार्टवर एक नंबरला गेलेल्या अल्बममध्येच सांगितलं ना. आणि टूपाक घ्या, 1991 मध्ये बारा वर्षांच्या मुलीला मूल होतं त्यावर गाणं करणारा आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या मौजमजेचं गाणं करणारा माणूस तोच. केंड्रिक लमारचं 2015 चं गाणं पोलिसांच्या अत्याचाराविरुद्धच्या मोर्च्यांमध्ये लोक घोषणेसारखं म्हणत होते, आणि 2018 मध्ये त्याला पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळाला, संगीतातलं पुलित्झर, शास्त्रीय आणि जॅझ सोडून पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला, आणि ते ज्या अल्बमसाठी मिळालं तोही एक नंबरला होता.

आपल्या मुंबईतही हे आहे बरं का, स्वदेसी नावाचा ग्रुप, त्यातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो, आणि आरे जंगलातल्या वारली पाड्यातले प्रकाश भोईर यांच्याबरोबर त्यांनी जंगल वाचवण्यावर गाणं केलंय. ते ऐका, अंगावर येतं, आणि त्याच्यावर पाय हलवावासा वाटला तर खुशाल हलवा, कोणी रागावणार नाही.

तो ड्यूक बूटी पुढे शिक्षक झाला, जॉर्जियातल्या सव्हाना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होता, 2021 च्या जानेवारीत गेला.

बरं, घड्याळ बघून आमचे इंजिनिअर काचेतून हात करतायत. तर आता ऐकूया द मेसेज, शब्द एड फ्लेचर आणि मेली मेल, बरोबर सिल्व्हिया रॉबिन्सन आणि जिग्ज चेस. पूर्ण सात मिनिटं लावणार आहोत, मी मधे बोलणार नाही. रॅप संपल्यावर रस्त्यावर उभ्या पोरांच्या गप्पा ऐकू येतील, मग पोलिसांची गाडी येते, ती पोरं आम्ही अमुक ग्रुपचे म्हणून सांगतात आणि पोलिसाला वाटतं ही गँग आहे. तिथे गाणं संपलं म्हणून आवाज बारीक करू नका, नको नको म्हणालेली ती बाकीची पोरं या अख्ख्या रेकॉर्डवर फक्त तिथेच आहेत. लावा हो.