पहिला पाव मैल कोणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

घोड्यांच्या रेसचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘कोणता लागेल?’ आज आपण अमेरिकेतल्या डर्ट ट्रॅकबद्दल, म्हणजे मातीवरच्या रेसबद्दल बोलणार आहोत आणि तिथे हा प्रश्न मी जरा थांबवून ठेवतो. त्याआधी मला हे हवं असतं, की गेट उघडल्यावर पुढे जायची घाई किती घोड्यांना आहे?

याला कारण ती मातीच. डर्ट ट्रॅक म्हणजे घट्ट पायावर वाळू, गाळ आणि चिकणमातीचा तीन-चार इंचांचा मोकळा थर. घोडे सुटले की पुढच्याच्या टापांखालची ढेकळं मागच्याच्या तोंडावर सडकून बसतात. जॉकी एकावर एक गॉगल चढवून येतो आणि मळला की वरचा ओढून खाली घेतो. घोड्याला ती सोय नाही. काही घोडे निमूट सोसतात, काही मान वर करून पळायचंच सोडून देतात. म्हणून पुढच्या जागेला इथे मोठी किंमत आहे. गवतावर घोडे ताकद राखून शेवटी झेप घेतात. मातीवर सुरुवातीलाच वेग काढला जातो आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात जवळजवळ सगळेच मंदावत असतात. जो सर्वांत कमी मंदावतो, तो लागतो. याला अपवाद सेक्रेटॅरिएटसारखा घोडा. 1973च्या केंटकी डर्बीत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या मातीवरच्या रेसमध्ये, त्याने सव्वा मैलातला प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा कमी वेळात काढला. त्याची 1 मिनिट 59 पूर्णांक दोन पंचमांश सेकंदांची वेळ आजही विक्रम म्हणून सांगतात. पण असा घोडा समोर आला, तर अभ्यासाची गरजच काय!

आता घोड्यांच्या मागच्या रेसचा तक्ता हातात घेऊ. नवखा माणूस त्यात शेवटची वेळ शोधतो. समजा, दोन घोडे आहेत. दोघांनीही सहा फर्लांग, म्हणजे पाऊण मैल, 1 मिनिट 10 सेकंदांत मारलेत. पहिल्याचे चार फर्लांग 45 सेकंदांत झाले, शेजारी दोन घोडे खांद्याला खांदा लावून पळत होते. दुसऱ्याने तेच चार फर्लांग 46 सेकंदांत काढले, पुढे एकटाच, विचारणारं कोणी नाही. हिशोबाला एक सेकंद म्हणजे साधारण पाच घोड्यांची लांबी धरतात. शेवटची वेळ एक, पण पहिल्याने किती खर्च केला पाहा. मग जास्त चांगला कोणता? ते उद्याच्या रेसवर ठरेल. उद्या त्या दुसऱ्याखेरीज पुढे पळणारा कोणीच नसेल, तर त्याला पुन्हा फुकटची आघाडी मिळेल आणि मग त्याला गाठणं कठीण. तसलेच आणखी तीन असतील, तर ते एकमेकांना संपवतील.

हे मोठ्या प्रमाणावर दिसलं 2022च्या केंटकी डर्बीत. वीस घोडे. समर इज टुमॉरो नावाच्या घोड्याने पहिला पाव मैल 21.78 सेकंदांत काढला, अर्धा मैल 45.36 सेकंदांत. सव्वा मैलाच्या रेसला हा वेग परवडणारा नव्हे. मागच्या घोळक्यात रिच स्ट्राइक होता, 80ला 1 भावाचा, म्हणजे जिंकला तर एका डॉलरवर 80 डॉलर नफा देणारा. कधीकाळी 30,000 डॉलरला क्लेमिंग रेसमधून, म्हणजे पळणारा घोडा ठरलेल्या किमतीला विकत घेता येतो अशा रेसमधून, उचललेला, आणि आदल्या दिवशी एक घोडा मागे घेतला गेला म्हणून जागा मिळालेला. पुढचे दमले, हा रेलिंगच्या बाजूने वाट काढत आला आणि पाऊण लांबीने लागला. दोन डॉलरच्या तिकिटाला 163 डॉलर 60 सेंट. ‘मी हाच धरला होता’ असं सांगणारे पंटर, म्हणजे पैसे लावणारे, त्यानंतर बरेच निघाले असतील, त्यांना नमस्कार करावा आणि पुढे चालावं. पण मागून येणाऱ्याला त्या दिवशी संधी आहे, एवढं तक्त्यावरून ताडता येणारं होतं.

वेगाचं गणित झालं की मी मातीचा अनुभव बघतो. गवतावरचा फॉर्म इथे जसाच्या तसा चालत नाही. सिगार हा घोडा गवतावर अकरा वेळा पळला आणि एकदाच जिंकला. 1994मध्ये त्याला मातीवर आणलं आणि त्याने ओळीने सोळा रेस मारल्या. उलट, अॅनिमल किंगडम 2011ची डर्बी जिंकला ती त्याची मातीवरची पहिलीच रेस! म्हणजे मातीवर न पळलेला घोडा खोडून टाकायचा नाही. त्याच्या बापाची बाकीची पोरं मातीवर कशी पळतात ते बघायचं, सकाळचा सराव मातीवर कसा झाला ते बघायचं. मात्र एखाद्या सकाळी त्या अंतराची सर्वांत कमी वेळ नोंदवली गेली, की लोक उगाच हुरळतात. काही ट्रेनर घोडे सरावात पळवतातच जोरात. दर आठवड्याला नियमित सराव झालाय का, हे मला त्या एका आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

गेटचा नंबर, जॉकी, वजन यांवर तासन्‌तास बोलणारे भेटतात. वजनातल्या एक-दोन पौंडांकडे मी बघतही नाही. गेटकडे मात्र बघावं. पुढे पळणारा घोडा आतल्या गेटला असेल आणि सुटताना अडखळला, तर बाहेरचे त्याच्यावरून आत येतात आणि त्याला आयुष्यात कधी न खाल्लेली माती खावी लागते.

आणि पाऊस. पावसाची चिन्हं दिसली, की वरचा थर दाबून ‘सील’ करतात, म्हणजे पाणी आत न मुरता वाहून जातं. अशा पाणी साचलेल्या, ‘स्लॉपी’ ट्रॅकवर वेळा कधीकधी चांगल्याच येतात, कारण खालचा पाया टणक राहतो. ट्रॅक अर्धवट सुकू लागला, की तोच चिकट होतो आणि घोड्यांचे पाय ओढतो. 2009च्या केंटकी डर्बीत स्लॉपी ट्रॅकवर माइन दॅट बर्ड सगळ्यांच्या मागून निघाला. जॉकी कॅल्विन बोरेलने त्याला आतल्या रेलिंगला चिकटवून आणलं आणि 50ला 1 भावाचा तो घोडा पावणेसात लांब्यांनी जिंकला. ओला ट्रॅक असला, की आदल्या रात्री केलेला हिशोब मी बाजूला ठेवतो. ओल्यात कोण पळलंय आणि त्या दिवशीच्या आधीच्या रेसमध्ये रेलिंगजवळचे घोडे टिकतायत की बुडतायत, एवढंच बघतो.

शेवटी भाव. फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसे लागलेत तो घोडा, साधारण तीनातून एकदा जिंकतो, हे जुनं निरीक्षण आहे. माझ्या हिशोबाने घोड्याला चारात एक संधी असेल, तर त्याचा योग्य भाव तीनला एक. भाव दाखवणाऱ्या बोर्डावर सहाला एक दिसला तर विचार करावा. दोनला एक दिसला, तर घोडा कितीही आवडता असो, तिकीट घेऊ नये. आणि कोण पुढे जाणार हेच उमगत नसेल, तर ती रेस नुसती बघावी. पुढची अर्ध्या तासाने असतेच.

नमस्कार.