मोगऱ्याचा वास हवेतून उतरवताना

पडद्यावरचे सगळे रंग लाल, हिरवा आणि निळा एवढ्यांवर भागतात. वासाचं तसं नाही. माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही आहेत. एकच रेणू त्यांतल्या अनेकांना जागवतो, त्यामुळे चार-सहा बाटल्यांमधून हवा तो वास तयार करता येत नाही. आधी मूळ वास पकडावाच लागतो.

वास पकडायच्या या पद्धतीचं नाव हेडस्पेस. तोडल्यावर फुलाचा वास बदलत जातो, म्हणून मोगऱ्याची कळी झाडावरच ठेवून संध्याकाळी, उमलायच्या वेळी, तिच्यावर काचेचं भांडं बसवतात. एकीकडून कोळशातून गाळलेली हवा आत येते. दुसरीकडून छोटा पंप मिनिटाला साधारण १०० मिलिलिटर हवा टेनॅक्स (गंधरेणू शोषणारी सच्छिद्र प्लास्टिकची पूड) भरलेल्या नळीतून ओढतो. गंधरेणू टेनॅक्सच्या कणांना धरून राहतात, पाण्याची वाफ बहुतेक निघून जाते. जोडनळ्या टेफ्लॉनच्याच हव्यात, नाहीतर मोगऱ्याबरोबर रबरही नोंदलं जातं. पंप फार वेळ चालला, तर हलके रेणू नळी ओलांडून निसटतात.

ही नळी २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की रेणू सुटतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफच्या ३० मीटर लांब, पाव मिलिमीटर व्यासाच्या नलिकेतून एकेक करून बाहेर पडतात. थोडा प्रवाह रेणू ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरकडे जातो, थोडा थेट माणसाच्या नाकाशी. नाक टाळता येत नाही. ओल्या मातीचा वास देणारं जिओस्मिन पाण्यात लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. आलेखावर मात्र इतक्या कमी मात्रेची रेघ हलेलच असं नाही.

मोगऱ्यात लिनालूल, बेंझिल अॅसिटेट, फार्नेसीन, मिथाइल अँथ्रानिलेट सापडतं, आणि इंडोल. नुसत्या इंडोलला डांबरगोळीचा वास येतो. पण ते वगळलं की उरतो तो स्वस्त साबण.

खरी चूक पुढे होते: हवेत मोजलेलं प्रमाण जसंच्या तसं बाटलीत ओतलं जातं. लिनालूल १९८ अंशांना उकळतं, इंडोल २५४ अंशांना, म्हणजे इंडोल कमी उडतं. हवेत थोडं दिसणारं इंडोल द्रवात त्याहून जास्त वाट्याने घालावं लागतं. प्रत्येक घटकाच्या बाष्पदाबावरून, म्हणजे तो किती सहज उडतो यावरून, हा हिशोब बसवतात. इंडोल खड्यांच्या रूपात मिळतं, म्हणून अल्कोहोलमध्ये १० टक्क्यांचं द्रावण करून गडद बाटलीत ठेवायचं. उजेडात ते तांबूस होतं.

मग मिश्रणात बुडवलेली कागदी पट्टी हुंगायची. पाच मिनिटांनी मोगरा आणि दोन तासांनी नुसती डांबरगोळी, असं झालं तर लगेच इंडोल कमी करू नये. आधी बेंझिल सॅलिसिलेटसारखा सावकाश उडणारा घटक वाढवून पाहावा.