वणव्यानंतर रोपे कुठे लावावीत?

श्रोतेहो, नमस्कार. सूचिपर्णी वृक्षांचे जंगल वणव्यात जळून गेले की, त्या काळ्या पडलेल्या डोंगरावर सरसकट रोपे लावून टाकावीत, असे कोणालाही वाटेल. रोपवनाचे नियोजन करणाऱ्याला मात्र आधी पाहावे लागते ते हे की, रोपे लावण्याची गरज कुठे नाही.

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग १९८८ साली आगीच्या तडाख्यात सापडला. तेथील लॉजपोल पाइन या सूचिपर्णी झाडाचे अनेक शंकू, म्हणजे बी धरणारी बोंडे, राळेने घट्ट मिटलेले असतात. आगीच्या धगीने राळ वितळते, शंकू उमलतात आणि राखेवर बी सांडते. त्यामुळे तेथे जंगल बहुतांशी आपले आपण उगवून आले. पाँडेरोसा पाइन आणि डग्लस फर या दुसऱ्या सूचिपर्णी झाडांकडे असा बियांचा साठा नसतो. आगीतून वाचलेल्या झाडावरून वाऱ्याने येईल तेवढेच बी, आणि त्यातलेही बहुतेक शे-दोनशे मीटरांच्या आतच पडते. कोलोरॅडोतील २००२ च्या हेमन वणव्यात एकही झाड जिवंत न राहिलेले पट्टे इतके विस्तीर्ण होते की, त्यांच्या मध्यभागी बी पोहोचणेच अवघड होते. रोपांवर पहिला हक्क अशा जागांचा.

अर्थात तेथेही प्रत्येक उतार सारखा नसतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या उतारावर ऊन जास्त, ओल कमी. कोवळे रोप पहिल्याच उन्हाळ्यात करपते. हवामान तापत चालले असताना, जिथे पूर्वी झाडे होती तिथेच ती पुन्हा लावण्याचा हट्ट मला तरी शहाणपणाचा वाटत नाही. नकाशात न दिसणाऱ्या खुणाही असतात. आडव्या पडलेल्या जळक्या ओंडक्याच्या सावलीच्या बाजूला, हातभर जागेत, माती अधिक काळ ओलसर राहते. रोप तिथे लावावे. रांगा सरळ आल्या नाहीत तरी चालेल.

हे सारे वेळेत ठरावे लागते. पाइनला भरघोस बी दरवर्षी येत नाही, रोपवाटिकेत रोप तयार व्हायला एक-दोन वर्षे जातात, आणि तोवर मोकळ्या जमिनीवर झुडपे पसरू लागलेली असतात. म्हणून राख विझल्यावर पहिल्याच हंगामात जागा नक्की करून, समुद्रसपाटीपासून कोणत्या उंचीवर वाढणाऱ्या झाडांचे बी हवे, हे रोपवाटिकेला कळवावे लागते.