त्याची काकू

नमस्कार. मंडळाच्या ताईंनी पत्रिकेत 'सावत्र पालकत्व आणि मुलांच्या वर्तनसमस्या' असा भारदस्त विषय छापलाय. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. नऊ वर्षांच्या एका मुलाच्या बापाशी लग्न करून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत नांदायला आले, एवढीच माझी पात्रता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोराला आई मिळाली, आता सुधरंल बघ."

पहिल्या चार महिन्यांत त्यानं टीव्ही फोडला, माझ्या पर्समधले पैसे नेले आणि गल्लीतल्या एका बारक्या पोराचा हात पिरगाळून मोडला. रात्री सगळे झोपले की मी सुऱ्या आणि विळी कपाटात घालून कुलूप लावायचे. हे मी यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. ओरडले की शेजारी म्हणायचे, "सावत्रच की शेवटी." गप्प बसले की म्हणायचे, "तिला काय पडलंय?" ध्रुवाला बापाच्या मांडीवर बसू न देणारी सुरुची आपल्या सगळ्यांना पाठ आहे. मांडी ज्याची होती तो उत्तानपाद तेव्हा गप्प बसला होता, हे कुणी आठवत नाही.

मला बोलायचंय ते त्या गप्प बसण्यावर. आमचे हे दिवसभर शिरोली एमआयडीसीत. रात्री तक्रार ऐकली की म्हणायचे, "तूच बघ, आता तूच आई." मी बघायला गेले की घरात आगडोंब.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. हट्टी मूल म्हणजे आजारी मूल नव्हे, हे तिथं कळलं. सततच्या उद्धट विरोधाला विकार म्हणायला तो निदान 6 महिने दिसावा लागतो. मारामारी, चोरी, नासधूस असेल तर मागच्या 12 महिन्यांचं वागणं तपासतात. मी येऊन चारच महिने झाले होते! हे माझ्यामुळं सुरू झालेलं नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि रिक्षात बसून मी पोटभर रडले.

अमेरिकेतल्या ओरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी अशा कुटुंबांचं घरी जाऊन निरीक्षण केलं होतं. त्यांनी मांडलेलं चक्र आमच्या घरात रोज फिरायचं. मी म्हणायचे, मोबाइल ठेव. तो किंचाळायचा. मी वैतागून नाद सोडायचे. किंचाळलं की मिळतं, हे तो शिकला. सोडलं की शांतता होते, हे मी शिकले. म्हणून डॉक्टरांनी पोरापेक्षा आम्हालाच जास्त वेळा बोलावलं.

त्यांनी कामं वाटून दिली. नियम बापानं सांगायचा, मोडला तर भरपाईही बापानंच करून घ्यायची. मी रोज पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर घालवायची, उपदेश नाही, उलटतपासणी नाही. आम्ही कॅरम खेळायचो. तो लबाडी करायचा, मी बघायचे. माझं काम त्यामानानं सोपं. यांना जमायला वर्ष लागलं.

आणखी एक. शाहू महाराजांना 1884 साली दत्तक घेतलं, तेव्हा दत्तकाचं महत्त्व या गावाला वेगळं सांगायला नको. कायदाही दत्तक मुलाला पोटच्यासारखंच मानतो. पण 1956 च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यानं नैसर्गिक पालकांतून सावत्र आई-वडिलांना चक्क वगळलंय. एका फॉर्मवर माझी सही चालली नाही, तेव्हा मला हे समजलं. दगड खायला मी, सहीला बाप!

रात्री-अपरात्री हात थरथरायला लागले, तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, मोफत नंबर लक्षात ठेवा. तेव्हा तो नव्हता.

आता तो चौदाचा आहे. मला काकूच म्हणतो, मीही कधी दुरुस्त केलं नाही. गेल्या महिन्यात भांडून त्यानं दाराची कडी उखडली. बापानं सांगितलं, खाऊच्या पैशातून नवी आण आणि तूच बसव. आणली. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "काकू, पेचकस बी सुऱ्यांच्यातच कुलपात घातलायस काय?"